मजलिसमधलं तवसं

वाळवंटातल्या या हाइलमध्ये उन्हाळा आला की आधी नाकाला कळतं. सकाळी उठल्यावर नाकपुड्यांत खरखर लागते, ओठांची सालं निघतात, गाडीच्या दाराला हात लावला की बोटाला बारीक चटका बसतो. मग दोन-चार दिवसांत तो कोरडा वारा सुरू होतो आणि पुढचे तीन-साडेतीन महिने थांबायचं नाव घेत नाही. यंदा तो परवा सुरू झाला. ड्यूटीवरून आल्यावर मी मजलिसमध्ये गेलो आणि मीटर पाहिला. नऊ. हवेत ओल नऊ टक्के. गेल्या वर्षी याच मीटरसमोर मी इतके तास काढले आहेत की आकडा दिसल्याबरोबर पाय आपोआप मांडी घालायला लागले. मग लक्षात आलं की आता तिथे बघण्यासारखं काही नाही, आणि मी चहा घ्यायला आत गेलो.

इथल्या घरांना पुढच्या दाराशी मजलिस असते. पाहुण्यांची खोली. तिचं दारही वेगळं. आमच्यासारख्या घरांत पाहुणे सहसा थेट स्वयंपाकघरापर्यंत येतात, त्यामुळे मजलिस ही बॅगा, इस्त्रीचं टेबल आणि गावाहून आलेले रिकामे डबे ठेवायची जागा. आमच्या मजलिसमध्ये एक तंबू आहे. काळ्या जाड कापडाचा, चार फूट लांब, चार फूट रुंद, माझ्याहून थोडा उंच, आतून चंदेरी, पुढे चेन. वर पंखा, पंख्याला जाड नळी, नळीचं दुसरं टोक खिडकीत. गेले सहा-सात महिने तो रिकामा आहे. आवरून ठेवा असं नसीम, माझी बायको, म्हणत नाही आणि मीही आवरत नाही.

माझा धंदाच हवेचा. इथल्या एका हॉस्पिटलात मी एसीचं काम बघतो. लोकांना वाटतं, एसीवाला म्हणजे गार करणारा. गार करणं सोपं. अवघड असते ती ओल. ऑपरेशन थिएटरमध्ये हवा फार कोरडी झाली तर ठिणग्या उडतात, फार ओली झाली तर बुरशी धरते. मध्ये एक पट्टा असतो, त्यात आकडा धरून ठेवायचा, आणि घाणेरडी हवा बाहेर, ताजी आत, हे चक्र एक मिनिटही थांबू द्यायचं नाही. अठरा वर्षं मी हेच करतो आहे. सर्जन मला नावाने ओळखत नाहीत, पण थिएटरमध्ये जरा गुदमरलं की पहिला फोन मला येतो.

अब्बा गेले त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या गच्चीवर फिल्टर बदलत होतो. गेल्या वर्षीचा मे महिना, दुपार. धाकटा भाऊ रफिक गावाहून बोलत होता. अब्बा गेले, आजच असरच्या, दुपार कलतानाच्या नमाजनंतर दफन आहे, एवढं त्याने सांगितलं. मी विचारलं, टाकीत पाणी भरलंय का? का विचारलं ते मला आजही माहीत नाही. तो पुढे काही बोलला असणार. मी फिल्टर बसवला, झाकणाचे चारही स्क्रू घट्ट केले आणि खाली येऊन रजिस्टरात रीडिंग लिहिलं. चव्वेचाळीस. रफिक काय बोलला ते आठवत नाही, चव्वेचाळीस आठवतं.

मला जाता आलं नाही. आमच्या मेंटेनन्सचं कंत्राट त्याच महिन्यात एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे चाललं होतं. जुन्या कफीलने, म्हणजे परवाना काढून देणाऱ्या मालकाने, आम्हाला सोडलेलं, नव्याने अजून घेतलेलं नाही, इकामे, राहण्याचे परवाने, मधल्या मध्ये लटकलेले. अशा वेळी देशाबाहेर जाऊन परत यायचा, एक्झिट-रीएंट्रीचा कागद कोण देणार? जायचंच होतं तर कायमचं जावं लागलं असतं. मी नाही गेलो. सगळ्यांनी माझी समजूत घातली की दफन असरला होतं, तू पंख लावून उडाला असतास तरी माती द्यायला पोचला नसतास. ते खरं होतं. मीही तेच सगळ्यांना सांगत राहिलो. बँकेत पत्ता सांगावा तसं सांगायचो.

आमचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठचं. अब्बा बोटीवर होते, मग घरी बसले, आणि घरी बसल्यावर त्यांनी पावसाळी भाजी लावायचं मनावर घेतलं. पडवळ, दोडका, भेंडी, सगळं व्हायचं, पण त्यांचा जीव तवशावर. तवसं म्हणजे आपली मोठी पावसाळी काकडी. आमच्या घरचं तवसं बुटकं आणि जाड, पिकल्यावर अंगावर जाळी धरणारं. ते बी अब्बांच्या आईकडून आलेलं. दर वर्षी वेलावरचं पहिलं चांगलं फळ बियाचं म्हणून राखायचं. त्याला कापडाची चिंधी बांधायची. चिंधी बांधलेल्या फळाला कुणी हात लावला तर अब्बा जेवायचे नाहीत, इतका राग. ते पिकून तांबूस झालं की कापायचं, बिया धुवून वाळवायच्या, मग शेण आणि राख कालवून त्यात त्या मिसळायच्या आणि तळहाताएवढी शेणी करून स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर थापायची. चुलीच्या धुरात ती वर्षभर राहायची. कीड नाही, बुरशी नाही. मृगाला शेणी काढून फोडायची की बी तयार.

अब्बा जाण्याआधीच्या माझ्या सुट्टीत गावाहून निघताना अब्बांनी माझ्या शर्टाच्या खिशात वर्तमानपत्राची पुडी घातली होती. आत अकरा बिया. गॅलरीत कुंडीत लाव म्हणाले. हाइलमध्ये गॅलरीत काय होतं, हे त्यांना कसं सांगणार? मी हो म्हटलं. ते म्हणाले, "तवशाला पाऊस लागतो. बाकी काय नको त्याला." ती पुडी नसीमने मसाल्याच्या डब्यामागे ठेवली आणि आम्ही दोघेही विसरलो.

चाळिसाव्या दिवसाची फातेहा, अब्बांसाठीची दुवा, झाली तेव्हा रफिकने मला व्हिडिओवरून घर दाखवलं. लोक यायचे म्हणून सगळं घर रंगवून घेतलं होतं. पडवी पांढरी, माजघर पांढरं, स्वयंपाकघर पांढरं. मागची भिंतही पांढरी, गुळगुळीत. मी विचारलं, शेणी कुठे आहे? तो म्हणाला, खरवडली. पुट्टी मारायची होती. मी म्हटलं, बी होतं त्यात, मृग आला. तो म्हणाला, बाजारात पुडी मिळते, भाई. आणि त्याने फोन दुसरीकडे फिरवला, मांडवाची कनात दाखवायला.

मला राग आला. चाळीस दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं होतं, म्हणून तो राग मी जपून ठेवला. जेवताना काढायचो, गाडी चालवताना काढायचो. मी इथे अडकलेला, आणि जो तिथे होता त्याच्याकडून एक भिंत सांभाळली गेली नाही. नसीम मसाल्याच्या डब्यामागची पुडी घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. दोन वर्षं जुन्या अकरा बिया. आमच्या घरच्या तवशाचं जगात एवढंच उरलं होतं. कुणाबरोबर तरी गावी पाठवू, असं ती म्हणाली. मी नाही म्हटलं. रफिकच्या हातात मला त्या द्यायच्या नव्हत्या. आणखी एक वर्ष ठेवल्या तर उगवतील याची खात्री नव्हती. मग मी तंबू मागवला.

या तंबूंचं एक आहे. घरात दिवा लावून झाड वाढवायचं म्हणून माहिती शोधायला बसलो, तर सांगणारे सगळे जण जगाच्या दुसऱ्या टोकाचे आणि एकाच झाडाविषयी बोलणारे. नशेच्या त्या झाडाचं नाव या देशात तोंडातून काढू नये. पण माणसं मोठी अभ्यासू. रोप कोवळं असताना हवेत किती ओल, फूल धरताना किती कमी, दिवा विझल्यावर पंखा का चालू ठेवायचा, सगळं तक्ते करून लिहिलेलं. मी मनातल्या मनात त्या झाडाच्या जागी तवसं ठेवून वाचत गेलो. नसीम मागून येऊन म्हणाली, हे वाचताना कुणी बघितलं तर काय होईल, विचार केलाय का? मी म्हटलं, काकडी आहे. ती म्हणाली, ते मला माहीत आहे.

तिची भीती अगदीच खोटी नव्हती. तंबूच्या फटीतून जांभळा उजेड खिडकीवर पडायचा. बिया लावल्यावर आठव्या दिवशी आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, अबू सालेह वर आला. म्हातारा येमेनी, शब्दाला नेमका. नळीतून पाणी ठिबकतंय म्हणाला, पण नजर मजलिसच्या दारावर. मी त्याला आत नेलं आणि चेन उघडली. सात रोपं वर आली होती, प्रत्येकी दोन गुबगुबीत पानांची. तो वाकला, बराच वेळ बघत राहिला. "खियार?" त्याने विचारलं. काकडी? मी मान हलवली. म्हातारा हसायला लागला आणि हसता हसता जिन्यात पोचला. त्यानंतर तो मला सलामच्या आधी खियारची तब्येत विचारायचा. त्या दिवसांत घराबाहेर कुणी माझी एवढी चौकशी केल्याचं आठवत नाही.

सात रोपं. अकरातली चार कुजली, सात आली. मी हिशेबी माणूस आहे, मला वाटलं जमलं.

चूक मी पुढे केली, आणि ती अशी चूक होती जी माझ्या धंद्यातल्या नवशिक्यानेही केली नसती. बाहेर हवेत ओल नऊ, दहा, फार तर बारा. तंबूत मी ती पंचाऐंशीवर नेली. ओल सोडणारं यंत्र दिवसभर चालू. खालच्या बाजूला हवा आत घेण्यासाठी जाळीच्या झडपा असतात, त्यांतून धूळ आणि कोरडा वारा येतो म्हणून मी त्या चिकटपट्टीने बंद केल्या. वरचा पंखा अगदी मंद, कारण जोरात लावला की मेहनतीने साठवलेली ओल खिडकीतून निघून जाते. तवशाला पाऊस लागतो. मी पाऊस केला.

आणि मला तो आवडला. कामावरून आलो की बूट काढायचे, मजलिसचं दार लावायचं, चेन वीतभर उघडायची आणि डोकं आत घालायचं. आत वाफारलेली माती, कोवळ्या पानांचा वास, चष्म्यावर धुकं. गावाला पावसात परसात गेलं की जो वास येतो तो. मी डोळे मिटून तिथे बसायचो. फार काही वाटायचं असं नाही. पण वाटेल, असं वाटायचं. दारापर्यंत आलेलं कुणीतरी बेल वाजवणार असावं, तसं. रोज मी थोडा जास्त वेळ बसू लागलो. अमीना, माझी बारा वर्षांची लेक, एकदा दार उघडून बघून गेली आणि आईला सांगितलं, पप्पा का हेड टेंट में है.

तिसऱ्या आठवड्यात पानांवर पिवळे कोनाकोनाचे डाग दिसले. मी म्हटलं, खत कमी पडलं असेल. पान उलटून पाहिलं तर मागे करड्या रंगाची लव. दिवा बंद झाला की तंबू गार पडायचा आणि हवेतलं सगळं पाणी पानांवर, देठांवर, चंदेरी कापडावर बसायचं. सकाळी चेन उघडली की छतावरून थेंब पडायचे. ते थेंब बघून मला बरं वाटायचं, एवढा मी वाया गेलो होतो. एका आठवड्यात पाच रोपं बुंध्याशी मऊ पडून आडवी झाली. ज्या गावात उन्हात टाकलेली पोळी तासाभरात पापड होते, त्या गावात माझी काकडी बुरशीने मेली.

वास आधी नसीमला आला. ती रायगडच्या किनाऱ्यावरची, पावसाळ्यात चार दिवस न वाळलेल्या कपड्यांचा वास तिला झोपेतही कळतो. ती मजलिसच्या दारात उभी राहिली. माझं डोकं तंबूत होतं. ती म्हणाली, "हा पावसाचा वास नाय. कोंडल्या घराचा वास हाय. तुम्ही झाडाला पाऊस देताव का स्वतःला?"

मी डोकं बाहेर काढलं.

"हवा सोडा त्याला," ती म्हणाली, आणि आत गेली.

मी त्या पाच मेलेल्या रोपांसमोर बसून राहिलो आणि अब्बांचा मांडव आठवायला लागलो. तवशाचा मांडव ते कुठे घालायचे? आडोशाला, पडवीच्या मागे, कुंपणालगत? कुठेच नाही. खाडीच्या अंगाला, उघड्यावर, जिथे जून ते सप्टेंबर वारा एक दिवस थांबत नाही. पानं दिवसभर फडफडायची. भिजायची आणि लगेच सुकायची, पुन्हा भिजायची. बाकी काय नको असं ते म्हणाले, कारण वारा त्यांच्याकडे होताच, सांगायची गोष्टच नव्हती ती. मला पाऊस आठवला आणि वारा विसरलो. अठरा वर्षं हवा फिरवून पोट भरणारा मी, स्वतःच्या घरात हवा बंद करून बसलो होतो.

त्या दिवशी मी चिकटपट्ट्या काढल्या, झडपा उघडल्या, पंखा पूर्ण केला आणि खाली एक छोटा फिरता पंखा ठेवला. ओल साठावर आणली. रोगट पानं कापून पिशवीत बांधून फेकली. मीटर आता थिएटरच्या रजिस्टरासारखा दिसायला लागला, सरळ, कंटाळवाणा. तंबूत डोकं घालण्यासारखं काही राहिलं नाही. वास गेला. वेल मात्र दोन उरले आणि तेही एक धड, एक अर्धा.

फुलं आली ती आधी नुसती नराची. मग एके दिवशी एका फुलामागे करंगळीच्या नखाएवढी केसाळ काकडी. इथे मधमाशी कुठून आणायची? ते काम अमीनाने घेतलं. शाळेची बस येण्याआधी ती युनिफॉर्ममध्येच मजलिसमध्ये जायची. नराचं फूल तोडून पाकळ्या काढायची आणि मादीच्या फुलाला अलगद टेकवायची. "पप्पा, ये मेल है, ये फीमेल. सिंपल," तिने मला शिकवलं. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती मला हिंदी-इंग्लिशमध्ये उत्तर देते, आमचं बरं चाललं आहे. पहिली दोन फळं पिवळी होऊन गळली. ती फार हिरमुसली. मी तिला सांगितलं की असं होतं. त्यापेक्षा जास्त काही सांगायला हवं होतं.

तिसरं धरलं. अर्धा वेल त्याच आठवड्यात गेला, त्यामुळे एक वेल आणि एक फळ. बोटाएवढं झालं, मग हाताएवढं. वजनाने वेल तुटेल म्हणून नसीमने जुन्या ओढणीचा झोळा करून तंबूच्या दांड्याला बांधला. एक दिवस बघतो तर फळाच्या देठाला औषधाच्या डब्यातली पांढरी पट्टी. नसीमने बांधलेली. चिंधीची गोष्ट मी तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितली असेल. मी पुन्हा कधी बोललो नव्हतो.

नोव्हेंबरात ते तांबूस झालं, अंगावर जाळी धरली. बुटकं आणि जाड. अब्बांच्या फळांच्या निम्मं, पण तेच. आम्ही तिघांनी ते ओट्यावर ठेवून कापलं. बिया एका वाडग्यात पाण्यात टाकल्या. भरलेल्या बिया बुडतात, पोकळ तरंगतात, हे अब्बांचंच. सगळ्या तरंगल्या. अमीना माझ्या तोंडाकडे बघत होती. नसीमने वाडगा उचलला, चमच्याने हलके ढवळला, चिकट गर सुटला, आणि मग एक खाली गेली. मग दोन. मग एकेक करत शेवटी एकवीस. बाकीच्या वरच राहिल्या. गराची नसीमने तवसळी केली, गूळ, तांदळाचा रवा, वेलची घालून. अमीनाला आवडली. मीही खाल्ली. चांगली झाली होती, आणि मला तेवढंच कळत होतं.

डिसेंबरात नसीमच्या भावाचं लग्न होतं. मायलेकी बारा दिवसांसाठी गेल्या. माझा इकामा तोवर झाला होता, पण नवी कंपनी पहिलं वर्ष सुट्टी देत नाही. नसीम म्हणाली, बिया नेते. या वेळी मी नाही म्हटलं नाही. दुसऱ्यांदा तंबूत लावायची हिंमत माझ्यात नव्हती. ती एक दिवस माझ्या गावी जाऊन रफिकच्या हातात पुडी देऊन आली. त्याने घेतली, एवढंच तिने सांगितलं. मी त्याच्याशी त्या विषयावर बोललो नाही. ईदला फोन केला, अम्मीची साखर विचारली, ठेवला. राग अजून जपलेला होता.

आणि काल, शुक्रवारी दुपारी, त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी मजलिसमध्येच होतो, खिडकीतल्या नळीची धूळ पुसत होतो. तिकडे आभाळ भरून आलेलं, पाऊस अजून नाही. त्याने फोन स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीकडे धरला. पांढऱ्या गुळगुळीत भिंतीवर मधोमध एक शेणी. खालच्या बाजूला रंग थोडा उडालेला. वाळून करडी झालेली, आणि वर दाबलेल्या चार बोटांचे खड्डे. क्षणभर ती अब्बांचीच वाटली. मग कळलं की ती रफिकची बोटं आहेत. त्याचे हात अब्बांवर गेलेत, गावात सगळे म्हणतात.

आज काढून फोडायची आहे, तो म्हणाला. मग फोन भिंतीकडेच धरून उभा राहिला. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं.

"भाई, बी मी इसरलो नव्हतो," तो म्हणाला. "अब्बांच्या शेणीवर त्यांची बोटां होती. चार. चाय प्यायला बसलो का समोर तीच. माझ्यानं बघवत नव्हती. म्हणून पुट्टी मारली."

एवढे दिवस मला वाटत होतं की भिंतीवरून बी गेलं. त्या भिंतीवर अब्बांच्या हाताचा ठसा होता आणि तो रफिकने चाळीस दिवस एकट्याने सोसला, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मी लांब होतो म्हणून मला सोसायला काही नव्हतं. मला आकडे होते.

"तू आल्यावर पेरू का?" त्याने विचारलं. "ऑगस्टात येशील ना?"

"ऑगस्टात उशीर होईल," मी म्हटलं. "आजच फोड. मांडव खाडीच्या अंगाला घाल."

तिकडेच घातलाय, तो म्हणाला. त्याने फोन कुठेतरी टेकवून ठेवला. त्याचा हात पडद्यावर आला, शेणीच्या कडेखाली बोटं सारली आणि ती अलगद सोडवली. भिंतीवर एक गोल डाग राहिला. तो राहू दे, मी म्हटलं, रंग लावू नको. बरं, तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी तिथेच खाली बसलो. रिकाम्या तंबूची चेन उघडली, का ते माहीत नाही, आणि पंखा लावला. आत काहीच नव्हतं, वासही नव्हता. मी डोकं आत घातलं. हवा चेहऱ्यावरून वर चालली होती. चार-पाच दिवसांपासून नाकात खरखर होती, ती थांबली. मग ओठांवर खारट लागलं. दारात नसीम येऊन उभी राहिल्याचं मला कळलं, पण ती आत आली नाही. बऱ्याच वेळाने मी डोकं बाहेर काढून बाहीने चेहरा पुसला आणि सवयीने मीटरकडे पाहिलं. नऊच होतं.